तिखट पेरू कॉकटेल : हीट बॅलन्ससहित

मंडळी, शीर्षक वाचून कुणी भुवया उंचावण्याआधीच खुलासा करून टाकतो. ह्या लेखातल्या ग्लासात दारू नाही. तसंही आपल्याकडे ज्यूस सेंटरच्या पाटीवर मोसंबी, चिकू शेक यांच्या शेजारी 'कॉकटेल' असतंच, आणि कोल्हापुरात तर कॉकटेल म्हणजे फळं आणि आइस्क्रीमने भरलेला, चमच्याने खायचा ग्लास. म्हणजे मराठी माणसाने हा शब्द केव्हाच सोवळ्यात घेतलेला आहे.

मग सरळ 'पेरूचं सरबत' का म्हणत नाही? कारण दोन्हींत फरक आहे, आणि तो कळला तरच पुढची कृती का तशी आहे ते कळेल.

कॉकटेलची छापील व्याख्या पहिल्यांदा मिळते ती १८०६ सालच्या मे महिन्यात, न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वृत्तपत्रात. तीनुसार कॉकटेल म्हणजे कुठलीही कडक दारू, साखर, पाणी आणि कडू अर्क. चारच घटक. ह्यातून दारू काढा, काय उरलं? कडवट साखरपाणी. मॉकटेल नावाच्या प्रकाराची सगळी अडचण इथे आहे. सेंडऑफच्या रात्री ज्याला प्यायची नसते त्याच्या हातात लालभडक सिरप आणि सोडा देतात. ते तीन घोटांत संपतं. मग पुढचे दोन तास तो रिकामा ग्लास घेऊन बसतो आणि दर पाच मिनिटांनी कुणीतरी येऊन म्हणतं, "अरे, एक घे ना, काही नाही होत." ग्लास भरलेला असता तर हा प्रश्न निम्म्या वेळा आलाच नसता. सरबत लवकर संपतं कारण त्यात थांबवणारं काहीच नसतं. दारू माणूस सावकाश पितो, कारण ती घशाला जाळते.

आणि ही जळजळ दारूची मक्तेदारी नाही. मिरचीतला तिखट पदार्थ म्हणजे कॅप्सायसिन. तो जिभेवरच्या ज्या ग्राहीला (रिसेप्टर म्हणा) जाऊन चिकटतो, त्याचं नाव टीआरपीव्ही-१. १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेने त्याचा जीन शोधून काढला, आणि २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये ह्या शोधाचा वाटा होता. हा ग्राही खरं तर तापमानाचा सेन्सर आहे. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर तो 'भाजतंय' असा सिग्नल पाठवतो. कॅप्सायसिन हा सेन्सर थंड असतानाच चालू करतं, म्हणून थंडगार पाणीपुरीनेही तोंड 'पोळतं'. गंमत म्हणजे अल्कोहोल हाच सेन्सर जास्त नाजूक करतं. त्याचा थ्रेशोल्ड ते ३४ अंशांच्या आसपास खाली आणतं, म्हणजे आपल्याच शरीराचं तापमान त्याला भाजण्याइतकं वाटू लागतं. कडक दारूची घशातली ऊब ती हीच. आम्लही त्याला चेतवतं.

थोडक्यात काय, तर दारूची जळजळ आणि मिरचीचा ठसका एकाच दाराने आत येतात. दारू काढल्यावर जी जागा रिकामी होते ती साखरेने भरत नाही, मिरचीने भरते. म्हणून हे सरबत नाही, कॉकटेल आहे. 'तिखट' ही इथे वरची सजावट नसून मुख्य घटक आहे.

फळाला तिखट-मीठ लावणं आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. शाळेबाहेरच्या गाडीवर पेरूची फोड मिळाली ती तिखट-मिठासकटच. पण ह्या जोडीतलं फळ आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडातली. पेरू, अननस, काजू, पपई आणि मिरची हा सगळा माल पोर्तुगीजांमार्फत सोळाव्या शतकापासून पश्चिम किनाऱ्यावर उतरला. 'अननस' आणि 'काजू' हे शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडून आलेले, आणि त्यांनी ते ब्राझीलच्या मूळ रहिवाशांकडून उचललेले. मेक्सिकोत आजही रस्त्यावर फळांच्या फोडींवर लिंबू पिळून मिरचीची पूड टाकून देतात. आपल्या गाडीवाल्याचा हा लांबचा चुलतभाऊच.

आता दारूचा विषय निघालाच आहे तर गोव्याचा उल्लेख टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. काजूच्या बोंडाचा रस आंबवून पहिल्यांदा ऊर्ध्वपातन केलं की हुर्राक मिळतो, पुन्हा केलं की फेणी. (काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं.) हुर्राक उन्हाळ्यापुरताच असतो, आणि तिथे तो लिंबाचा सोडा, मीठ आणि उभी चिरलेली एक हिरवी मिरची घालून पितात. तिखट फळ-कॉकटेलचं याहून अस्सल देशी उदाहरण मला माहीत नाही. पण इंजिनिअरच्या नजरेने बघा. मिरची ग्लासातच तरंगते आहे, कॅप्सायसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नसलं तरी अल्कोहोलमध्ये विरघळतं, म्हणजे पहिला घोट आणि शेवटचा घोट यांचं तिखट वेगळं. एक्सट्रॅक्शन चालूच आहे आणि ते थांबवणारा व्हॉल्व्ह कुठेच नाही! ज्याला सवय आहे तो मिरची योग्य वेळी काढून टाकतो. नवख्याचं काय होतं ते सांगायला नको.

घरी तिखट पेय करणाऱ्यांचीही नेमकी हीच चूक होते. मिक्सरमध्ये पेरू, लिंबू, साखर आणि दोन मिरच्या एकदमच फिरवतात. जास्त तिखट झालं तर साखर वाढवतात, मग गोड होतं म्हणून लिंबू, मग आंबट म्हणून पाणी. एका नॉबला चार गोष्टी बांधलेल्या असल्या की रीडिंग कधीच जुळत नाही, मग ती शेवटी 'जुळवावी' लागतात. लॅबमध्ये ते खपतं, ग्लासात नाही.

उपाय सोपा आहे : तिखटाचा नॉब वेगळा करायचा. त्यासाठी दोन पाक करायचे. दोन्हींत साखर तेवढीच, फक्त एकात मिरची. प्रत्येक ग्लासात पाक एकूण ३० ग्रॅम जाणार हे ठरलेलं. त्यातला तिखट किती आणि साधा किती, एवढंच बदलायचं. तिखट शून्यापासून ३० ग्रॅमपर्यंत कुठेही न्या, गोडी आणि आंबटपणा जागचे हलत नाहीत. एका वेळी एकच व्हेरिएबल. पहिल्या वर्षापासून ऐकतोय ते वाक्य एकदाचं कामाला आलं.

पाकासाठी २५० ग्रॅम साखर आणि २५० ग्रॅम पाणी. साखर विरघळून एक उकळी आली की बस, तार बघत बसायचं नाही. अर्धा पाक बाजूला काढा, तो साधा. उरलेल्यात गॅस बंद केल्यावर चार हिरव्या मिरच्या उभ्या चिरून टाका. मिरची कुठली घेता याला फार महत्त्व आहे. मोठी, पोपटी, जाड सालीची मिरची सहसा सौम्य. लवंगी घेतलीत तर एक पुरेल. तिखटपणा बियांत असतो ही समजूत चुकीची आहे. तो असतो बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढऱ्या शिरेत. बियांना तो शेजारामुळे लागतो. शीर काढलीत तर मिरचीचा हिरवा वास जास्त आणि ठसका कमी मिळतो. मला दोन मिरच्या शिरेसकट आणि दोन शीर काढून, असं आवडतं.

पाच मिनिटांनी चमचाभर पाक पाण्यात मिसळून चाखा, मग दर दोन मिनिटांनी. साधारण दहा मिनिटांत हवा तो ठसका आला की मिरच्या गाळून काढा. ही वेळ दरवेळी वेगळी येणार, कारण एकाच झाडाच्या दोन मिरच्याही सारख्या तिखट नसतात. म्हणून 'दहा मिनिटं' हा आकडा पाठ करू नका, चाखणं करा. मिरच्या चिरल्यावर हाताला आधी थोडं तेल चोळा, मग साबण. नुसत्या पाण्याने कॅप्सायसिन निघत नाही आणि तोच हात डोळ्याला लागतो. कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांनी हे काम दुसऱ्याला द्यावं.

आता पेरू. चांगला पिकलेला, वास खोलीभर पसरेल असा. गुलाबी गराचा मिळाला तर रंग छान येतो, पण चवीला आपला पांढरा सरदार काही कमी नाही. ह्या सरदार पेरूचं दुसरं नाव लखनौ-४९, त्यामुळे तो उत्तरेचा वाटतो, पण १९२७ साली ही जात निवडली गेली ती आपल्या पुण्यात, गणेशखिंडीच्या फळ संशोधन केंद्रात. अर्धा किलो पेरूच्या फोडी आणि २५० मिली थंड पाणी मिक्सरला थांबत-थांबत फिरवा. सलग जोरात फिरवलंत तर बिया फुटतात आणि सगळा गर कचकचीत होतो, मग कितीही गाळा. हा गर कापडातून गाळायचा विचार सोडून द्या. पेरूत पेक्टिन भरपूर, कापड दोन मिनिटांत तुंबतं. घरात पुरणयंत्र असेल तर उत्तम, नाहीतर पुरणाची चाळण आणि वाटीची पाठ. साधारण ६०० ग्रॅम गर मिळेल, म्हणजे पाच ग्लास.

एका ग्लासाचं प्रमाण : गर १२० ग्रॅम, पाक (दोन्ही मिळून) ३० ग्रॅम, लिंबाचा रस १५ मिली (एक रसदार लिंबू), पाणी किंवा सोडा ६० मिली, चिमूटभर काळं मीठ, थोडी भाजलेल्या जिऱ्याची पूड. झाले साधारण २२५ ग्रॅम. ह्यात साखर किती? पाकातून १५ ग्रॅम, पेरूची स्वतःची साधारण ७, एकूण २२. म्हणजे पावणेदहा टक्के. पिण्याच्या तापमानाला नऊ-साडेनऊ टक्के राहिली की चव बरोबर लागते, असा माझा अनुभव. ते राहते की नाही हे बर्फ ठरवतो.

बर्फ हा घटक आहे, हे कुणी लक्षातच घेत नाही. चला, थर्मोच्या वहीतला हीट बॅलन्स काढू. समजा सगळं साहित्य खोलीच्या तापमानाला, २८ अंशांवर आहे आणि आपल्याला ते २ अंशांपर्यंत न्यायचं आहे. विशिष्ट उष्मा ४ धरा. २२५ गुणिले ४ गुणिले २६, म्हणजे २३,४०० ज्यूल काढून टाकायचे. एक ग्रॅम बर्फ वितळताना ३३४ ज्यूल घेतो, आणि ते पाणी २ अंशांपर्यंत तापताना अजून ८. म्हणजे ६८ ग्रॅम बर्फ वितळणार. आता साखर २२ ग्रॅम पण पेय २९३ ग्रॅम. टक्केवारी साडेसातवर आली. गोड कमी, आंबट कमी, पेरू कमी, सगळंच पाणचट.

तेच साहित्य आधी फ्रीजमध्ये ६ अंशांपर्यंत थंड केलं असेल तर? २२५ गुणिले ४ गुणिले ४, फक्त ३,६०० ज्यूल. बर्फ वितळला ११ ग्रॅम. साखर ९.३ टक्के. कृती तीच, प्रमाण तेच, फरक फक्त दोन तास फ्रीजमध्ये ठेवण्याचा. (फ्रीझरमधला बर्फ शून्याच्या खाली असतो, तो थोडी जास्त उष्णता शोषतो, वगैरे सुधारणा तुम्ही करा. मुद्दा बदलत नाही.) हॉस्टेलवर फ्रीज नसेल तर ६० मिली पाणी आधी घालूच नका, ते वितळलेल्या बर्फातून येणारच आहे. हे समजलं की प्रमाण आपलं आपल्याला ठरवता येतं.

शेकर विकत घ्यायची गरज नाही. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या बाटलीत गर, पाक, लिंबू, मीठ आणि चार-पाच बर्फाचे खडे घालून पंधरा सेकंद जोरात हलवा. बाटलीबाहेर दव जमलं की झालं. सोडा वापरणार असाल तर तो नंतर, ग्लासात. बाटलीत सोडा घालून हलवलात तर झाकण कुठे जाईल याचं गणित मेकॅनिकलवाल्यांनी करावं. ग्लासच्या कडेला लिंबाची फोड फिरवून ती कडा लाल तिखट, मीठ आणि पिठीसाखरेच्या मिश्रणात टेकवा. पण फक्त अर्धी कडा. ज्याला नको त्याने ग्लास फिरवून दुसऱ्या बाजूने प्यावं.

चाखण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण इथेच बहुतेकांचा निकाल लागतो. तिखट लगेच कळत नाही. ते हळूहळू चढतं आणि दर घोटाला साठत जातं. दुसरं म्हणजे थंडी ते झाकते. कोमट असताना जे तोंड भाजतं ते बर्फात गुळमुळीत लागतं, आणि म्हणून चाचणी नेहमी पिण्याच्याच तापमानाला करायची. साखरही ते दाबते. १९१२ साली विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने तिखट मोजायची पद्धत काढली, ती अशीच होती : मिरचीचा अर्क साखरपाण्यात इतका पातळ करत जायचा की चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं होईल. किती पट पातळ केला तेवढा त्या मिरचीचा आकडा. हालापिन्यो अडीच ते आठ हजार, आणि आपल्या ईशान्येची भूत झोलोकिया दहा लाखांच्या वर. आता हे मोजमाप यंत्रावर होतं, पण जीभ अजून तीच आहे. तीन-चार ग्लास चाखल्यावर ती बधिर होते. त्यामुळे सौम्याकडून जहालाकडे जा, मध्ये मिनिटभर थांबा, आणि शेवटचा निर्णय अजून काहीच न चाखलेल्या मित्राकडून घ्या. तीन ग्लास भरा, दोन सारखे आणि एक वेगळा. त्याला वेगळा ओळखता आला नाही तर तुमच्या 'पाच ग्रॅम जास्त तिखट पाका'ला काही अर्थ नाही, वाद मिटवा.

पेरू नसेल त्या दिवसांत अननस चालतो. त्यात लिंबू निम्मं करा, आणि हलवल्यावर वर सुंदर फेस येतो. कैरी उकडून केली तर ते तिखट पन्हंच होतं, त्याला नवं नाव देऊ नये. कोकम आगळ घेतलंत तर मीठ घालू नका, त्यात ते आधीच असतं.

तीस जणांसाठी करायचं असेल तर : पेरू ३ किलो, गरात दीड लिटर पाणी, पाक ९०० ग्रॅम, लिंबाचा रस ४५० मिली आणि वरून थंड पाणी १.८ लिटर. पाकात एक तृतीयांश तिखट, दोन तृतीयांश साधा, पण तिखट पाक थोडा जास्तच करून ठेवा, कारण विदर्भ आणि कोल्हापूरची मंडळी तो संपवणार. सगळ्यांसाठी एकच तिखट जग कधीच करू नये. गर, लिंबू आणि पाणी एका पातेल्यात, दोन पाक दोन बाटल्यांत, आणि ज्याचा त्याने आपला नॉब फिरवावा. ज्याला अ‍ॅसिडिटी किंवा अल्सर आहे त्याचा ग्लास साध्या पाकाचा, आणि त्यावर कुणी विनोद करू नये. जास्त झालंच तर पाणी देऊ नका, त्याने तिखट फक्त तोंडभर फिरतं. दूध किंवा दही द्या.

बर्फ घरच्या ट्रेमधला, किंवा पाकीटबंद खाण्याचा. लादीचा स्वस्त बर्फ मासे थंड ठेवण्यासाठी असतो, कशाच्याही पाण्याचा असतो. महाराष्ट्रात न खाण्याच्या बर्फाला निळा रंग देण्याचा नियम २०१८ पासून आहे, पण रंग नाही म्हणजे बर्फ चांगला असं समजू नका.

आणि बाटल्यांवर चिठ्ठ्या लावा : 'साधा', 'तिखट'. हे सांगायचं कारण फक्त मिरची नाही. गोड, आंबट आणि तिखट एकत्र आलं की त्यात दारू मिसळलेली चटकन कळत नाही, कारण घसा जळतोय तो मिरचीने की आणखी कशाने हे जिभेला सांगता येत नाही. दार एकच आहे हे वर पाहिलं. 'गंमत' म्हणून कुणाच्या ग्लासात गुपचूप काही ओतणारा एखादा महाभाग असतोच. जो पीत नाही त्याची काही कारणं असतात, कधी औषधं चालू असतात, कधी परत गाडी चालवायची असते, कधी नुसतीच इच्छा नसते, आणि ती कारणं त्याने कुणाला सांगायला बांधील असू नये. म्हणून पातेल्याजवळ एक जण सतत उभा राहील अशी ड्यूटी लावा, आणि शंका आली तर सगळं पातेलं ओतून द्या. तीन किलो पेरूच गेले.

उरलेला तिखट पाक गाळून स्वच्छ बाटलीत फ्रीजमध्ये आठवडाभर राहतो. दुसऱ्या दिवशी तो मेसच्या लिंबू सरबतात घालून बघा. मेसचं सरबत इतकं पाणचट असतं की तिथे पूर्ण ३० ग्रॅम लागतील.